ग्रीकांची चित्रित मडकी आणि मद्याची बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयात काचेमागे ठेवलेली ही काळी-तांबडी भांडी शोभेची होती का?

नाही. बरीचशी वापरायची होती, आणि त्यातली पुष्कळ दारू पिण्याच्या बैठकीत वापरायची. काचेमागे दिवा लावून ठेवली की ती चित्रकलेचा नमुना वाटतात. पण चषक उचलायचा असतो, कलंडायचा असतो, रिकामा करायचा असतो. त्यावरचं चित्र ज्याच्या हातात चषक आहे त्याच्यासाठी काढलेलं असे. खालचे बहुतेक प्रश्न वाचताना एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

हे पान मुख्यतः अथेन्सच्या भांड्यांबद्दल आहे, इ.स.पू. 600 ते 400 या दोन शतकांतल्या.

सिम्पोझियम म्हणजे परिसंवाद ना? मग दारू कुठून आली?

उलट, परिसंवाद नंतर आला. मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ ‘एकत्र पिणे’. आधी जेवण व्हायचं, मग पाट-टेबलं उचलून जमीन झाडायची, हात धुवायचे, डोक्यावर फुलापानांची वेटोळी चढवायची, देवाच्या नावाने थोडी दारू जमिनीवर सांडायची आणि मग खरी बैठक सुरू.

जागा घरातलीच, पण खास पुरुषांची: ‘आंद्रोन’ नावाची खोली. भिंतीलगत जमिनीपासून किंचित उंच कट्टा, त्यावर पलंग. नेहमीच्या खोलीत सात मावत, एकेका पलंगावर दोघं. पलंग भिंतीला धरून ओळीने बसावेत म्हणून खोलीचं दारही मधोमध नसून एका बाजूला असायचं. उत्खननात एवढ्या एका खुणेवरूनही ही खोली ओळखता येते. पाहुणे डाव्या कोपरावर रेलायचे, खाली उशी, उजवा हात मोकळा. आपल्याकडे लोडाला टेकून गाणं ऐकणारे रसिक डोळ्यांसमोर आणा, फक्त आणखी थोडे आडवे. गाणं, कोडी, कविता, राजकारण, कुचाळक्या, सगळं त्या एका खोलीत चाले आणि चषक उजवीकडे फिरत राही.

एवढ्या वेगवेगळ्या आकारांची भांडी कशाला?

कारण प्रत्येकाचं काम वेगळं. अँफोरा साठवणीचा, दोन कानांचा. हायड्रिया म्हणजे पाण्याची घागर. हिला तीन कान: दोन आडवे उचलायला, एक उभा ओतायला. ओइनोखोए ही सुरई. किलिक्स हा उथळ, पसरट, पायावर उभा असलेला चषक.

आणि या सगळ्यांच्या मधोमध क्राटेर, म्हणजे दारू आणि पाणी मिसळायचं मोठं भांडं. बैठकीचा केंद्रबिंदू तोच. युफ्रोनिओसने रंगवलेला एक प्रसिद्ध क्राटेर आहे, त्यात सुमारे 45 लिटर मावतं. क्राटेरच्या पोटात तरंगत ठेवायचं ‘प्सिक्टेर’ नावाचं भोपळ्यासारखं भांडं दारू गार करायला, त्यासाठी बर्फ किंवा गार पाणी लागे.

या प्सिक्टेरचा एक वेगळाच उपयोग तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या पुस्तकात येतो. आदल्या रात्रीची उतरलेली नसल्यामुळे आज बेतानेच प्यायची असं सगळ्यांचं ठरलेलं असतं. तेवढ्यात अथेन्सचा पुढारी आल्किबिआदीस झिंगत दारात येतो, चषक बाजूला सारतो आणि दोन लिटरहून जास्त मावणारं प्सिक्टेरच तोंडाला लावतो. मग ते पुन्हा भरून सॉक्रेटिसला देतो. सॉक्रेटिस तेही शांतपणे संपवतो. पहाटे सगळे आडवे झाले तरी हा गृहस्थ उठतो, आंघोळ करतो आणि नेहमीसारखा दिवस घालवतो.

दारूत पाणी का घालायचे? भेसळ नव्हे का ती?

आपल्याकडे दुधात पाणी म्हटलं की गवळी आठवतो. ग्रीकांकडे उलटं होतं. पाणी न घालता पिणारा तो रानटी. ‘सिथियन लोकांसारखं पिणं’ असा शब्दप्रयोगच होता; सिथियन म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या टोळ्या. स्पार्टाचा राजा क्लेओमेनीस वेडा झाला, तो सिथियनांच्या संगतीत नुसती दारू प्यायला शिकला म्हणून, असं स्पार्टाचे लोक म्हणत. इतिहासकार हेरोडोटसने ते नोंदवून ठेवलंय, पण त्याचं स्वतःचं मत निराळं होतं.

पाणी दारूपेक्षा जास्त असे. तीनास एक, पाचास दोन अशी प्रमाणं वाचायला मिळतात. त्या रात्री कोणतं प्रमाण ठेवायचं हे बैठकीचा निवडलेला प्रमुख ठरवी. हिशेब केला तर पेयाची ताकद साधारण आजच्या बिअरइतकी उरते. म्हणजे रात्रभर बोलत राहावं आणि तरी जीभ फार जड होऊ नये एवढी. निदान बेत तसा होता.

आणि प्रत्यक्षात किती प्यायचे?

इ.स.पू. चौथ्या शतकातला विनोदी नाटककार युबुलोस याच्या एका नाटकात खुद्द मद्याचा देव डायोनिसस हिशेब सांगतो. शहाण्यांसाठी तो तीनच क्राटेर मिसळतो: पहिला आरोग्याचा, दुसरा प्रेमाचा आणि मौजेचा, तिसरा झोपेचा. तो संपला की शहाण्याने घरी जावं. चौथा आपला नव्हेच, तो मस्तीचा. पाचवा आरडाओरड्याचा, सहावा रस्त्यावरच्या धिंगाण्याचा, सातवा काळ्यानिळ्या डोळ्यांचा, आठवा समन्स घेऊन येणाऱ्याचा, नववा पित्ताचा. दहावा वेडाचा, त्यात माणसं सामान फेकू लागतात.

हे फेकाफेकीचं नाटककाराने उगाच लिहिलेलं नाही. सिसिलीतल्या अक्रागासची एक गोष्ट प्राचीन ग्रंथात टिकून आहे. काही तरुण एका घरात इतके प्यायले की आपण वादळात सापडलेल्या जहाजावर आहोत असं त्यांना वाटू लागलं. जहाज हलकं करायला हवं म्हणून त्यांनी पलंग-गाद्या खिडकीतून बाहेर भिरकावल्या. खाली जमलेल्या लोकांनी सामान लांबवलं. दुसऱ्या दिवशी अधिकारी चौकशीला आले तरी यांची बोट लागलेलीच. त्यातला वडीलधारा म्हणाला, भीतीने मी जहाजाच्या तळाशी जाऊन पडलो होतो. त्या घराचं नावच पुढे ‘जहाज’ पडलं.

‘ब्लॅक-फिगर’ आणि ‘रेड-फिगर’ यात फरक काय?

ब्लॅक-फिगरमध्ये माणसं काळी, मागची जमीन तांबडी. आकृती आधी सावलीसारखी भरायची आणि मग टोकदार हत्याराने ओरखडे काढून डोळे, दाढी, कपड्यांच्या चुण्या दाखवायच्या. बायकांची कातडी पांढऱ्या रंगाने वेगळी दाखवत. हे तंत्र कोरिंथमध्ये इ.स.पू. 700च्या आसपास निघालं आणि अथेन्सने उचललं.

इ.स.पू. 530 ते 520च्या दरम्यान अथेन्समध्ये कुणीतरी हे उलटं करून पाहिलं. आता जमीन काळी भरायची आणि माणसं मातीच्या रंगाची ठेवायची. ओरखड्याच्या जागी कुंचल्याची रेघ आली. रेघ जाड-बारीक करता येते, पातळ करून तपकिरी करता येते, म्हणून पोटाचे स्नायू, पापण्या, हनुवटीवरची कोवळी लव असं सगळं जमू लागलं. म्युनिकमध्ये एक अँफोरा आहे. त्याच्या एका बाजूला पलंगावर रेललेला पुराणकथेतला वीर हेराक्लीस काळ्या आकृतीत, दुसऱ्या बाजूला तोच हेराक्लीस, तोच पलंग, पण तांबड्या आकृतीत. जणू दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतोय: जुनी पद्धत हवी की नवी?

तो काळा रंग कसला? इतक्या वर्षांनी उडाला कसा नाही?

कारण तो रंग नाहीच. तीही मातीच.

अथेन्सजवळच्या मातीत लोह भरपूर. कुंभार तीच माती पाण्यात कालवून ठेवायचे, जाड कण खाली बसू द्यायचे आणि वरचं अतिशय बारीक कणांचं पाणी अलगद काढून आटवायचे. ही झाली चित्राची ‘शाई’. अर्धवट सुकलेल्या भांड्यावर ती लावली की काळी दिसत नाही. खालच्या मातीहून थोडी गडद, एवढंच. म्हणजे चित्रकार आपलं चित्र जवळजवळ आंधळेपणाने काढत होता.

खरी करामत भट्टीत. पहिल्या टप्प्यात हवेची वाट मोकळी, सगळं भांडं तांबडं होतं. साधारण 800 अंश सेल्सिअस. मग हवा कोंडायची, ओलं लाकूड सारायचं, आच आणखी वाढवायची. ऑक्सिजन मिळेनासा झाला की लोहाचा तांबडा ऑक्साइड काळा होतो, आणि भांडं आरपार काळं पडतं. याच टप्प्यात 900 अंशांपुढे ती बारीक शाई वितळू लागते आणि तिचा काचेसारखा बंद थर होतो. तिसऱ्या टप्प्यात आच कमी करून हवा पुन्हा सोडायची. उघड्या, सच्छिद्र मातीत हवा शिरते आणि ती परत तांबडी होते. शाईचा थर मात्र बंद झालेला, आत हवा शिरतच नाही, म्हणून तो काळाच राहतो.

एकच भट्टी, एकच माती, आणि रंग दोन. कोंडून धुरी दिली की मडकं काळं पडतं हे आपल्याकडच्या कुंभारालाही ठाऊक आहे. पण एकाच मडक्यावर नेमकं हवं तेवढंच काळं ठेवायचं, तेही केसाइतक्या रेघेत, याला वेळेचा अंदाज अचूक लागतो. घड्याळ नाही, तापमापक नाही. भोक पाडलेले खापरीचे तुकडे भट्टीत ठेवायचे, आकडीने बाहेर ओढून पाहायचे, आणि ठरवायचं. चुकलेली भांडीही सापडतात: एक बाजू काळी आणि दुसरी पिवळट-तांबूस, जिथे शेजारचं भांडं चिकटून हवा अडली होती.

चषकाच्या आत, तळाशी चित्र का? दारू ओतली की ते झाकलं जाणारच ना?

झाकलं जावं हाच तर हेतू! पिणारा घोट घेत जातो, तशी दारू उतरते आणि तळातलं चित्र वर येतं. ते काय असेल याची गंमत कुंभार-चित्रकार पुरेपूर घेत. ब्रिगोस चित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्याचा एक चषक जर्मनीत वुर्झबुर्गला आहे. त्याच्या तळाशी एक तरुण वाकून ओकतोय आणि एक बाई त्याचं डोकं धरून उभी आहे. शेवटचा घोट घेतल्यावर हे दिसायचं.

बाहेरच्या बाजूला पुष्कळदा दोन मोठाले डोळे. चषक तोंडाला लावला की पिणाऱ्याचा चेहरा त्यामागे झाकला जातो. समोरच्याला दिसतात ते डोळे, बाजूचे कान, खाली पायाचा गोल म्हणजे उघडं तोंड. मुखवटाच. आणि डायोनिसस हा मद्याचा देव तसा नाटकाचाही, मुखवट्यांचाही.

या जातीतला सगळ्यात देखणा चषक एक्सेकिआस या कुंभार-चित्रकाराचा, इ.स.पू. 530च्या आसपासचा, म्युनिकला आहे. बाहेर डोळे. आतला पूर्ण पृष्ठभाग पोवळ्यासारखा तांबडा, आणि त्यावर एकच जहाज. जहाजात डायोनिसस निवांत रेललाय. डोलकाठीवर द्राक्षाचा वेल चढलाय, वर सात घोस, भोवती सात डॉल्फिन. गोष्ट अशी: चाच्यांनी देवाला पळवलं, त्याने जहाजावर वेल उगवला, घाबरून त्यांनी समुद्रात उड्या मारल्या आणि त्यांचे डॉल्फिन झाले. चित्रात समुद्र काढलेलाच नाही. तो चषकात दारू ओतल्यावर येतो. काही क्राटेरांच्या काठाच्या आतल्या बाजूलाही जहाजांची रांग रंगवलेली असते. भांडं काठोकाठ भरलं की ती जहाजं दारूवर तरंगू लागतात.

दारू फेकण्याचा खेळ म्हणजे काय?

कोट्टाबोस. सिसिलीतून आलेला, आणि अथेन्समध्ये याचं वेड. चषकाच्या एका कानात बोट अडकवायचं, तळाशी उरलेला गाळ-घोट मनगटाच्या झटक्याने उडवायचा आणि दांड्यावर तोल साधून ठेवलेली छोटी चकती पाडायची. ती खालच्या मोठ्या थाळीवर खणकन पडली पाहिजे. दुसऱ्या प्रकारात पाण्यात तरंगणाऱ्या बशा नेम धरून बुडवायच्या. फेकताना आवडत्या माणसाचं नाव घ्यायचं, नेम लागला तर शकुन चांगला. पलंगावर आडवं पडून, अर्धवट झिंगून हा नेम लागत असेल तर धन्य त्यांची. दुसऱ्या दिवशी ती जमीन कुणी पुसली याबद्दल चित्रांत काही नाही. घरचे गुलामच, दुसरं कोण?

या बैठकीत बायका असायच्या का?

घरच्या नाहीत. बायको, बहीण, मुलगी आंद्रोनमध्ये येत नसे. येत त्या पैसे देऊन आणलेल्या: आउलोस वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या आणि हेताइरा, म्हणजे गणिका. अनेक भाषांतरांत आउलोसला बासरी म्हणतात ते चूक. दोन नळ्यांचं, पत्तीचं वाद्य ते, सनईच्या कुळातलं.

युफ्रोनिओसच्या एका प्सिक्टेरवर, जो आता सेंट पीटर्सबर्गला आहे, चार बायकाच रेलून पिताहेत, पुरुष एकही नाही. त्यातली स्मिक्रा कोट्टाबोस खेळताना लेआग्रोस या तरुणाचं नाव घेते. खरी बैठक की पुरुषांची कल्पना, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला ती पुरुषांची कल्पनाच वाटते.

भांड्यांवर जे लिहिलेलं असतं ते काय?

कधी सही: ‘अमक्याने घडवलं’, ‘अमक्याने रंगवलं’. कधी एखाद्या तरुणाचं कौतुक: ‘लेआग्रोस देखणा’. कधी पात्रांच्या तोंडचे शब्द. व्हॅटिकनमधल्या एक्सेकिआसच्या अँफोऱ्यावर ट्रॉयच्या युद्धातले वीर आखिलीस आणि आयास लढाईतून सवड काढून पटावर खेळताहेत. एकाच्या तोंडून ‘चार’ निघतंय, दुसऱ्याच्या तोंडून ‘तीन’. कधी नुसती अर्थ नसलेली अक्षरं.

आणि कधी कुचकटपणा. युथिमिदीसने नाचणाऱ्या मद्यपींचं चित्र काढून बाजूला लिहिलं: ‘युफ्रोनिओसला असं कधी जमलं नाही’. दोघंही अथेन्सचे, एकाच काळातले. पंचवीसशे वर्षं झाली, पण ती चिठ्ठी अजून वाचता येते.

चित्रकारांना ‘बर्लिन चित्रकार’ वगैरे नावं कुणी दिली?

बहुतेकांनी सह्या केल्याच नाहीत. ऑक्सफर्डचे जॉन बीझली (1885–1970) यांनी कान, घोटे, कपड्यांच्या चुण्या कशा काढल्यात यावरून हात ओळखले आणि निनावी हातांना नावं ठेवली. बर्लिनमधल्या भांड्यावरून बर्लिन चित्रकार. नाचणाऱ्यांची कोपरं बाहेर काढतो म्हणून एकाचं नाव चक्क ‘एल्बोज आउट’.

ही महाग होती का?

आजच्या लिलावाच्या आकड्यांवरून अंदाज बांधू नका. मोठी चित्रित घागर दोन-तीन द्राख्म्यांना (द्राख्मा हे ग्रीकांचं चांदीचं नाणं) मिळे, आणि इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस कसबी कामगाराची रोजची मजुरी एक द्राख्मा होती. खरा श्रीमंत चांदीच्या पेल्यातून पीत असे. चांदी पुढे वितळवली गेली, म्हणून मातीच उरली.

ग्रीक भांडी इटलीत एवढी कशी सापडली?

निर्यात. मध्य इटलीतले एट्रुस्कन लोक मोठे गिऱ्हाईक, आणि ते ही भांडी मृतासोबत थडग्यात ठेवत. थडग्यात होती म्हणूनच अखंड राहिली. 1828 पासून वुल्ची इथे हजारो भांडी निघाली. त्याआधी लोक त्यांना एट्रुस्कनच समजत. इंग्लंडमधल्या वेजवुड या भांडी बनवणाऱ्या उद्योजकाने 1769 साली कारखाना काढला आणि त्याला ‘एट्रुरिया’ नाव दिलं ते याच गैरसमजातून. अथेन्सचे कुंभारही धंद्यात पक्के होते. निकोस्थेनीसने तर एट्रुस्कन घडणीचे अँफोरे मुद्दाम त्या बाजारासाठी घडवले.

फुटलेल्या भांड्यांचं काय व्हायचं?

इथे मराठी वाचकाला हसू येईल. अथेन्सचे लोक एखाद्या पुढाऱ्याला शहराबाहेर घालवायचं असेल तर खापरावर त्याचं नाव खरडून मत द्यायचे. एकूण 6000 मतं पडली तर ज्याच्या नावाची खापरं सर्वांत जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. अक्षरशः खापर फुटायचं ते त्याच्या डोक्यावर. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्तोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाची सुमारे 190 खापरं सापडली, आणि अक्षर बघितलं तर मोजक्याच लोकांचं. म्हणजे तयार मतपत्रिका वाटायचा उद्योग तेव्हाही होता.

आपल्या काळातलं फुटणंही सांगतो. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात फ्रांस्वा क्राटेर आहे, इ.स.पू. 570च्या सुमाराचा, सुमारे 270 आकृत्यांचा. 1900 साली तिथल्या एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकलं. तुकडे झाले 638. ते पुन्हा जोडले, आणि तो आज उभा आहे.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

अथेन्सच्या चित्रित भांड्यांशी नाही. पण भूमध्य समुद्राकडच्या दारूशी आहे, चार-पाचशे वर्षांनी. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात दारू आहे, आणि त्यात इटलीच्या दारूला पहिली पसंती. ती ज्या अँफोऱ्यांतून यायची त्यांची खापरं नेवासे, जुन्नर आणि घारापुरीला मिळाली आहेत. मराठी पुरातत्त्वात त्यांना ‘मद्यकुंभ’ म्हणतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत कांस्याचा छोटा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) आणि रोमन बनावटीची कांस्याची भांडी सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात बघायला मिळतात. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरलेली आहेत. ते यवन घरी पाणी घालून पीत होते का, हे खांबावर लिहिलेलं नाही.

बघायची तर कुठे?

अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आणि केरामेइकोस. केरामेइकोस ही कुंभारवाड्याचीच जागा. लंडन, पॅरिस, म्युनिक, व्हॅटिकन इथेही भरपूर आहेत. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन जवळ. पण वर सांगितलेला युफ्रोनिओसचा क्राटेर तिथे शोधू नका. मेटने तो 1972 साली सुमारे दहा लाख डॉलरला घेतला. तो इटलीतल्या चेर्वेतेरीच्या थडग्यातून चोरून खणलेला निघाला, आणि 2008 साली इटलीला परत गेला. आता चेर्वेतेरीतच आहे.

घरी करून पाहण्यासारखं काही आहे का?

आहे. कुंभाराकडून एक मोठं परळ आणा, कोळशाने तळाशी एखादा चेहरा काढा, कोकमाचं दाट सरबत ओता आणि सतरंजीवर डाव्या कोपरावर रेलून प्या. मी केलं. पहिला घोट दाढीवर आणि दुसरा सदऱ्यावर गेला, आणि उथळ भांड्याला कान का लागतात ते तेव्हा कळलं. भाच्याने मात्र चेहरा दिसेपर्यंत एका दमात संपवलं, मग म्हणाला, मामा, आता दुसरं चित्र काढ आणि परत भर.